पाखराचा रोजमेळ

(बी. कॉम., दुसरे वर्ष)

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पक्षिशास्त्र हा माझा विषय नाही, आणि दुर्बीण आहे तीही उसनी. या अंकाच्या मराठी विभागासाठी पाखरांवर लेख देणार असे वर्गात सांगितले तेव्हा "मग नफा-तोटा पत्रक कोण लिहिणार, प्राणिशास्त्रवाले का?" असा सवाल मागच्या बाकावरून आला. सवाल थट्टेचा होता, पण मला त्यातच लेखाचा धागा सापडला. ऊन, पाऊस आणि थंडी यांचा पाखरांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो हे समजून घ्यायला प्राणिशास्त्राइतकेच जमाखर्चाचे शास्त्र उपयोगी पडते, असे माझे प्रामाणिक मत आहे. आपण या प्रश्नाकडे फक्त दयेच्या नजरेने पाहतो, हिशेब मांडत नाही. म्हणून आपली दया भलत्याच खात्यावर जमा होते.

ती कोणत्या खात्यावर जमा होते? दर वर्षी २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो. २०१० पासून हा दिवस पाळला जातो आणि त्याची सुरुवात नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने केली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. त्या दिवशी शाळा-महाविद्यालयांतून मातीची भांडी वाटतात, ती झाडांना टांगतात, पाणी ओततात, फोटो काढतात. संध्याकाळपर्यंत ते फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरून येतात. पुढे परीक्षा येतात, सुट्टी लागते, आणि मे महिन्यात तीच भांडी एक तर कोरडी ठणठणीत नाही तर हिरव्या शेवाळाने भरलेली आढळतात. माझा भांड्यांना विरोध नाही. पण भांडे टांगले की उन्हाळ्याचे देणे फिटले, ही समजूत मला मान्य नाही.

आधी ज्या पाखरांबद्दल बोलायचे ती कोणती, हे सांगतो. शास्त्रज्ञ ज्यांना गायक पक्षी म्हणतात त्यांची निवड गळ्यातील स्वरयंत्राच्या घडणीवरून झालेली आहे, आपल्या कानावरून नव्हे. त्यामुळे घोटाळा असा झाला आहे की ज्या कोकिळेवर आपल्या कवींनी पिढ्यान्‌पिढ्या शाई खर्च केली ती या वर्गात बसत नाही, आणि ज्या कावळ्याला आपण दगड मारतो तो बसतो. (गायनाच्या परीक्षेत असा निकाल लागला असता तर मोर्चा निघाला असता.) दयाळ, बुलबुल, शिंपी, शिंजीर, सुगरण, सातभाई, चिमणी ही आपल्या बेळगावच्या परसातली मंडळी सगळी गायक पक्ष्यांतलीच. कन्नड विभागाच्या वाचकांनी हे पान उलटलेच तर त्यांच्यासाठी सांगतो: दयाळ म्हणजे तुमचा मडिवाळ, बुलबुल म्हणजे पिकळार, सुगरण म्हणजे गीजग, चिमणी म्हणजे गुब्बी, आणि सातभाई म्हणजे हरटेमल्ल. हे शेवटचे नाव मला फार आवडते. मराठीने नुसती डोकी मोजली. कन्नडने 'गप्पांचा पैलवान' म्हणून त्यांचा स्वभावच सांगून टाकला.

आता हिशेबाकडे वळू. शिंप्याचे वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे आपल्या खिशातल्या दहा रुपयांच्या एका नाण्याएवढे. चिमणी पंचवीस ग्रॅमच्या आसपास, दयाळ चाळिसाच्या आतबाहेर. अंगाचे तापमान मात्र आपल्यापेक्षा जास्त, एकेचाळीस-बेचाळीस अंश सेल्सिअस. कॅन्टीनमध्ये किटलीतला चहा बराच वेळ गरम राहतो आणि पेल्यातला गप्पा संपायच्या आत निवतो, हे आपण रोज पाहतो. जितके भांडे लहान तितकी त्याची उष्णता लवकर जाते, आणि बाहेर ऊन असेल तर ते तापतेही लवकर. पाखरू हा फार लहान पेला आहे. थंडीत आतली भट्टी सतत पेटती ठेवावी लागते, आणि उन्हात तीच भट्टी डोईजड होते.

शिवाय पाखराकडे बँक नाही. अंगावर चरबी साठवायची ती रात्र निभावण्यापुरती. जास्त साठवली तर उडणे जड होते आणि शिकरा टपलेला असतोच. एका रात्रीत लहान पाखराचे वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरते. म्हणजे रोज सकाळी ते तोट्यातच जागे होते. दिवसभरात तो तोटा भरून काढायचा, रात्रीपुरती शिल्लक टाकायची, आणि घरट्यात पिल्ले असतील तर त्यांची तोंडेही भरायची. आपण शाळेत पुस्तपालन शिकताना रोजमेळ लिहायचो, संध्याकाळी पेटीतली शिल्लक आणि वहीतली शिल्लक जुळलीच पाहिजे असा सरांचा दंडक असे. पाखराला हा दंडक आयुष्यभर आहे. आपल्याला निदान उधारी मिळते.

टिळकवाडीत किंवा कॅम्पात एप्रिलच्या पहाटे फिरायला गेलात तर एखाद्या पाण्याच्या टाकीवर बसून दयाळ नाना तऱ्हेच्या शिळा घालताना ऐकू येईल. तो गातो ते शिलकीतून गातो. गाण्यात वेळ जातो, आणि तो वेळ भक्ष्य शोधण्यातून काढावा लागतो. जादा खाद्य मिळालेले नर पहाटे जास्त वेळ गातात, हे पक्ष्यांच्या अनेक जातींवर प्रयोग करून पाहिलेले आहे. तेव्हा पहाटेचे गाणे हे एका अर्थी कालच्या दिवसाचे नफा-तोटा पत्रकच आहे.

आणि मग ऊन चढते. पाखरांना घामाच्या ग्रंथी नसतात. हवा अंगाहून थंड आहे तोवर उष्णता बाहेर जाते. हवा अंगाइतकी तापली की एकच वाट राहते. चोच उघडायची, धापा टाकायच्या आणि आतले पाणी वाफ करून उडवायचे. दुपारी कुंपणावरचा कावळा आ वासून बसलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याला तहान लागली आहे असे आपण म्हणतो. तहान असेलही. पण धापा टाकणाऱ्या चोचीने किडा नीट पकडता येत नाही, आणि सावली धरून बसलेल्या पाखराला उन्हातल्या गवतात उतरता येत नाही, या गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. अर्थशास्त्राच्या तासाला आपण 'संधी-खर्च' ही संकल्पना शिकलो. एक गोष्ट करण्यासाठी जी दुसरी सोडावी लागते, तिची किंमत. उन्हाची खरी किंमत पाखरू याच नाण्यात मोजते. शरीर थंड ठेवण्यात दुपार गेली की त्या दुपारची कमाई बुडाली.

हा माझा तर्क नाही. दक्षिण आफ्रिकेत कलाहारी वाळवंटाच्या दक्षिण भागात सातभाईंच्या चालीरीतीचा, काळ्या-पांढऱ्या रंगाचा एक पक्षी आहे. इंग्रजीत त्याला पाइड बॅबलर म्हणतात. तोही टोळीने राहतो, जमिनीवर पालापाचोळा उकरून किडे खातो आणि आपल्या सातभाईंसारखाच कलकलाट करतो. तेथील संशोधकांनी या पक्ष्यांना माणसाची इतकी सवय लावली की थोड्याशा खाऊसाठी ते आपण होऊन तराजूवर उडी मारतात. असे सकाळ-संध्याकाळ वजन करून २०१२ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केले ते वाचून माझ्यासारख्या हिशेबी माणसाचे डोळे उघडले. दिवसाचे कमाल तापमान साडेपस्तीस अंशांच्या वर गेले की ही पाखरे दिवसभर खटपट करूनही रात्री उतरणारे वजन भरून काढू शकत नाहीत. कोणी उन्हाने धाडकन खाली पडत नाही. रोजमेळात रोज थोडी तूट येते, इतकेच. दोन दिवस तूट सोसते, आठ दिवस सोसत नाही. पुढे त्याच पाखरांवर २०२० मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अंडी उबवण्यापासून पिल्लू स्वतः खाऊ लागेपर्यंतच्या काळात कमाल तापमानाची सरासरी अडतीस अंशांवर गेली त्या वेळी एकही पिल्लू वाचले नाही.

प्रत्येक जातीची रेषा वेगळी असते, हे मान्य. पण साडेपस्तीस हा आकडा आपल्याला परका नाही. बेळगावचा एप्रिल त्याच रेषेवर घुटमळतो. आणि हवामान खाते जे तापमान सांगते ते सावलीतले, जमिनीपासून चार फुटांवरच्या लाकडी पेटीतले असते. पत्र्याच्या वळचणीला केलेल्या चिमणीच्या घरट्याला ही सवलत नाही.

आता त्या मातीच्या भांड्याला या हिशेबात कोठे बसवायचे? मोठ्या पाखराला पाणी मिळाले तर धापांमध्ये गमावलेले पाणी भरून निघते. हा फायदा खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण पाण्याने पोट भरत नाही. मुख्य म्हणजे घरट्यातल्या पिल्लाला ते भांडे कधी दिसतच नाही. माळरानावरची पखुर्डी पोटाच्या पिसांत पाणी भिजवून पिल्लांना नेते. पण ती गायक पक्ष्यांतली नव्हे. दयाळ, बुलबुल, शिंपी यांच्या पिल्लांना पाणी मिळते ते अळीच्या, किड्याच्या अंगातून. इतकेच काय, दाणे खाणारी चिमणी आणि सुगरण हीसुद्धा पिल्लांना किडेच भरवतात. म्हणजे पिल्लाचे अन्न आणि पाणी दोन्ही एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: आसपास अळ्या आहेत की नाहीत. आणि अळ्या भांड्यात होत नाहीत. त्या गवतात, झुडपांत, झाडांच्या कोवळ्या पानांवर होतात. आपण मार्चमध्ये भांडे टांगतो आणि त्याच महिन्यात कुंपणाकडेचे गवत पेटवून देतो. एका हाताने पाच रुपये जमा आणि दुसऱ्या हाताने शंभर नावे.

उन्हाबद्दल इतके लिहिले, पण आपला मुलूख खरे तर पावसाचा. लहानपणी ऐकलेली काऊ-चिऊची गोष्ट आठवून पाहा. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस आला आणि शेणाचे घर वाहून गेले. मेणाचे घर एप्रिलच्या उन्हात वितळले असते, हा विचार आपल्या आज्यांनी केला नाही. त्यांच्या गोष्टीत संकट म्हणून पाऊसच येतो, कारण त्यांनी भ्यावे असा पाऊसच होता. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे गेले की तो कसा असतो हे सांगायला नको.

पावसात पाखरांचे हाल भिजण्याने होतात असे आपण समजतो. तेथेही खरी गोष्ट हिशेबाचीच आहे. नुकते अंड्यातून निघालेले पिल्लू उघडे असते, त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. आईने पंखाखाली घेतले तर ते जगते, पण मग अळ्या कोण आणणार? आणायला गेली तर पिल्लू गारठते. एखादी सर असेल तर हे जमून जाते. दोन-तीन दिवसांची झड लागली, किडे उडेनासे झाले, की घर सांभाळावे की बाजार करावा, असा पेच पडतो, आणि त्यात पिल्ले जातात.

म्हणूनच प्रत्येक जातीने आपले पंचांग बसवून घेतले आहे. दयाळ आणि बुलबुल पावसाच्या आधी बहुतेक आटोपून घेतात. सुगरण पाऊस पडून गवताची पाती उंच होण्याची वाट पाहते. (घर विणतो नर, आणि नाव मिळाले सुगरण! सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला या नराच्या संसाराचा जो छडा लावला तो मुळातून वाचण्यासारखा आहे.) घाटातला शीळकरी कस्तूर तर ऐन पावसाळ्यात ओढ्याकाठच्या कपारीत घरटे करतो आणि पहाटे धबधब्याच्या आवाजातही त्याची शीळ ऐकू येते. आता या पंचांगाचे काय झाले पाहा. २०२३ मध्ये पावसाला उशीर झाला, जून कोरडा गेला, आणि ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. गवतच वाढले नाही तर सुगरण विणणार कशाने? २०२४ हे भारतात १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष नोंदले गेले. आणि २०२५ मध्ये नेमके उलटे झाले. २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात उतरला आणि दोन दिवसांत मुंबईला पोचला. तो मे देशात १९०१ पासूनचा सर्वांत ओला मे ठरला. मृग सोडाच, रोहिणी लागते न लागते तोच झड सुरू. वळवाची एक सर येऊन जायची आणि पाखरे पिसे झाडून पुन्हा कामाला लागायची, त्या दिवसांत सलग पाऊस. बुलबुलांची उशिराची पिल्ले तेव्हा घरट्यात असतात. तीन वर्षांत तीन तऱ्हा झाल्या. कोणत्या व्यापाऱ्याने याच्यावर अंदाजपत्रक मांडावे?

येथे एक आक्षेप येतो आणि तो आमच्या वर्गातल्या एका हुशार मित्राने घेतलाही. तो म्हणाला, "निसर्ग आपली व्यवस्था आपण करतो. तू कशाला कारकुनी करतोस?" आक्षेप अगदीच पोकळ नाही. ऑस्ट्रेलियात झेब्रा फिंच म्हणून मुनियाएवढे पाखरू आहे. हवा तापली की त्याची मादी आणि नर अंड्यांजवळ एक विशिष्ट हाक देतात, आणि ती हाक अंड्यात ऐकलेली पिल्ले उन्हात कमी वाढतात, लहान चणीची होतात आणि पुढे जास्त पिल्ले वाढवतात, असे २०१६ मध्ये सिद्ध झाले. अंड्यातल्या जिवाला हवामानाचा अंदाज सांगणारी आई! पण त्याच देशात २००९ च्या जानेवारीत पश्चिमेकडे पंचेचाळीस अंशांवर पारा गेला तेव्हा मेलेल्या हजारो पाखरांत हीच झेब्रा फिंच होती. व्यवस्था आहे, तिला मर्यादाही आहे.

निसर्गाची ही व्यवस्था कशी चालते हे पाहायचे तर संख्याशास्त्रातले एक जुने उदाहरण फार बोलके आहे. १८९८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहरात बर्फाचे वादळ झाले. गारठून पडलेल्या १३६ चिमण्या ब्राऊन विद्यापीठात हर्मन बंपस यांच्याकडे आणल्या गेल्या. ७२ वाचल्या, ६४ मेल्या. बंपस यांनी प्रत्येकीची लांबी, वजन, पंखांचा पसारा, हाडे मोजून ठेवली, आणि सरासरीपासून फार दूर असलेल्या चिमण्या अधिक मेल्या असा निष्कर्ष काढला. ही आपलीच चिमणी, युरोपातून तिकडे नेलेली. ते आकडे आजही संख्याशास्त्राच्या पुस्तकांत उदाहरण म्हणून देतात. निसर्ग व्यवस्था करतो म्हणजे अशी करतो. एका वादळात जवळजवळ निम्म्या. मित्राला मी एवढेच म्हटले, की ही व्यवस्था निसर्गाला परवडते, कारण त्याच्याकडे वेळ आहे. दर तीन वर्षांनी तीन तऱ्हा झाल्या तर तो वेळ कोठून आणायचा?

आजारांचा विषय थोडक्यात. हवामान पाखरांना उपाशी ठेवते तसे रोगाच्याही तोंडी देते. हिवताप डासाने पसरतो याचा शोध रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत १८९७ मध्ये लावला हे आपण शाळेत शिकतो. पण डास चावून रोग एकातून दुसऱ्यात कसा जातो, हे त्यांनी १८९८ मध्ये कलकत्त्याला पुरते सिद्ध केले ते पाखरांवर, चिमण्यांवर. पाखरांनाही हिवताप होतो, आणि त्याचा जंतू डासाच्या पोटात वाढायला ऊब लागते. हवाई बेटांवर गोऱ्या लोकांच्या जहाजांबरोबर डास आले आणि खालच्या रानातली गाणारी पाखरे संपत गेली. उंच डोंगरावरच्या थंडीत डासाला आणि जंतूला थारा नव्हता म्हणून तेथली तगली. आता डोंगरही उबदार होत आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारने हवाईतल्या आठ गायक जाती नामशेष झाल्या म्हणून संरक्षित यादीतून काढून टाकल्या. त्यांच्या नाशाच्या कारणांत हा हिवताप मोठा आहे.

आपल्या भांड्यांशी संबंध असलेली गोष्ट मात्र ब्रिटनमधली आहे. तेथे लोक हौसेने बागेत दाणापाणी ठेवतात. २००५-०६ पासून ग्रीनफिंच या पाखरात घशाचा एक रोग पसरला. गिळता येत नाही, पाखरू दाण्यापाशी बसून उपाशी मरते. लाळेने दूषित झालेले दाणे आणि पाणी यांतून तो पसरतो. एके काळी बागेत सर्रास दिसणारे हे पाखरू २०२१ मध्ये तेथील धोक्याच्या लाल यादीत गेले. तो जंतू कोरड्या जागी तग धरत नाही, ओल्या घाणीत धरतो. तेव्हा पंधरा दिवस न धुतलेले भांडे ही दया नव्हे. रोज धुऊन, वाळवून, ताजे पाणी भरणे होत नसेल तर ते उतरवून ठेवणे बरे.

आता आवाराविषयी. गेल्या वर्षी उन्हाळी सुट्टीत आपल्या आवारातील झाडांची छाटणी झाली. सुट्टीतही ग्रंथालयात येणाऱ्या आम्हा चौघा-पाच जणांना कुऱ्हाडीचा आवाज आठवडाभर ऐकू येत होता. तोडलेल्या फांद्यांच्या ढिगात एक ढोली असलेला जाड तुकडा होता आणि समोरच्या तारेवर दयाळाची जोडी दोन दिवस ओरडत होती. एवढ्यावरून मी कोणाला दोष देत नाही. माळीमामांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "पाऊस यायच्या आत फांद्या काढायलाच पाहिजेत की. वादळात एखादी कोणाच्या डोक्यात पडली तर? एन माडोदु?" त्यांचे म्हणणे रास्त आहे. फांदी विद्यार्थ्याच्या डोक्यात पडू नये, हे पाखरांच्या आधी. वीजतारांना लागणाऱ्या फांद्याही काढल्याच पाहिजेत. माझे म्हणणे फक्त तारखेपुरते आहे. जे काम मे महिन्यात होते ते नोव्हेंबर ते जानेवारीत का होऊ नये? तेव्हा घरटी कमीत कमी असतात, लाकूडही तेच, कुऱ्हाडही तीच, मजुरीही तीच. वाळलेली, धोक्याची फांदी तेव्हाही ओळखता येते. मे मध्ये तोडल्याने मात्र दोन गोष्टी एकदम होतात. घरटी जातात, आणि वर्षातल्या सर्वांत कडक महिन्यात सावली जाते. ज्या दुपारी धापा टाकत बसायला पानांचा आडोसा हवा, त्याच दुपारी आपण तो काढून घेतो आणि उरलेल्या खोडाला पाण्याचे भांडे टांगतो.

व्यापारी कायदा शिकणाऱ्या मित्रांसाठी एक माहिती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत रानपाखरांच्या अंड्यांची नासधूस करणे आणि अंडी वा घरटी विस्कटणे हेही येते. कुऱ्हाड चालवणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

गवताचेही तेच. मैदान खेळासाठी आहे, ते कापलेच पाहिजे. क्रिकेटवाल्यांशी भांडण काढायची माझी इच्छा नाही. पण ग्रंथालयामागे कुंपणापर्यंत जी पट्टी आहे तेथे कोणी खेळत नाही, बसत नाही, प्रेमपत्रेही तेथे दिली जात नाहीत. ती दर वर्षी मार्चमध्ये 'स्वच्छता' म्हणून जाळली जाते. ती नुसती सोडून द्यावी. अळ्या, नाकतोडे, कोळी यांचे ते कोठार आहे, आणि त्याला महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात एक पैशाची तरतूद लागत नाही. उलट कामगारांची दोन दिवसांची मजुरी वाचते. सापांची भीती असेल तर पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी चार-चार फूट कापून ठेवावे आणि बाकीचे राहू द्यावे. दिसायला ते गबाळे दिसेल. पाहणीसाठी समिती येणार असेल त्या वर्षी हा प्रस्ताव मागे पडेल हेही मला कळते. पण समिती पाच वर्षांतून एकदा येते आणि एप्रिल दर वर्षी येतो.

प्राचार्य महोदय हा अंक वाचतीलच. त्यांनी छाटणीच्या पत्रकावर नोव्हेंबरची तारीख घालावी आणि मागची पट्टी यंदा न जाळता ठेवावी, एवढी विनंती. भांडी राहू द्यावीत, पण सावलीत आणि सहाच. सहांच्या वर रोज धुणे कोणाच्याने होणार नाही. धुण्याची पाळी राष्ट्रीय सेवा योजनेच्या फलकावर वर्गवार लावावी, सुट्टीतल्या आठवड्यांसह. मे महिन्याचे पहिले दोन आठवडे वाणिज्य शाखेचे म्हणून लिहावेत. मी शहापुरात राहतो, सकाळी सातला येऊ शकतो.